परवडण्याचा विषय तुम्ही काढलात म्हणून

नमस्कार.

'मिररलेस यंदा नाही' या माझ्या लेखाखाली आपण शनिवारी रात्री लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. रविवारीच उत्तर लिहायला बसलो होतो, पण हात थरथरत असताना लिहू नये म्हणून दोन दिवस जाऊ दिले. आता लिहितो. थोडं लांबेल.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: माझ्याकडे २०१६ पासून निकॉन डी७२०० हा आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) आहे. सोबत १८-१४० मिलिमीटरची रोजची लेन्स, पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची २००-५०० आणि रात्रीच्या नाटकांसाठी ८५ एफ१.८डी. नवी मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, बॉडी आणि तिची लांब पल्ल्याची लेन्स मिळून हिशोब अडीच लाखांच्या घरात जातो. मी लिहिलं होतं की यंदा घेत नाही. आधी लेन्स ठेवायला ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली ओल आटोक्यात ठेवणारं कपाट, घेतो आणि पाऊस संपल्यावर पुन्हा विचार करतो. ओघात असंही लिहिलं होतं की एफटीझेड ॲडॉप्टर (जुन्या लेन्स नव्या मिररलेस बॉडीवर बसवायची जोडणी) लावला की जुन्या सगळ्या लेन्स चालतात. बाकी कुणी घेऊ नये असं त्या लेखात एका ओळीतही म्हटलेलं नाही.

त्यावर आपण लिहिलंत ते जसंच्या तसं देतो: "एफटीझेड ॲडॉप्टरवर जुन्या सगळ्या लेन्स चालतात हे साफ चूक आहे, डी लेन्सना ऑटोफोकस मिळत नाही. मिररलेस हलका असतो, आणि पक्ष्याचा डोळा धरणारा फोकस एकदा वापरला की माणूस मागे वळत नाही. डीएसएलआरच्या सेकंडहँड किमती दर वर्षी पडताहेत, थांबलात तर तोटा तुमचाच. खरं सांगायचं तर हातात न घेता लिहिणं सोपं असतं. परवडत नसलं की माणसाला गरज नाही असं वाटायला लागतं."

पहिलं मान्य. ती चूक माझीच. माझ्या ८५ सारख्या डी लेन्समध्ये फोकसची स्वतःची मोटर नसते. बॉडीतली मोटर माउंटवरच्या (लेन्स बसते त्या कड्यावरच्या) छोट्या स्क्रूने तो फोकस फिरवते. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, एफटीझेडमध्ये नाही, म्हणून माझी ८५ त्याच्यावर लावली तर फोकस हाताने करावा लागेल. लेखातलं वाक्य आज सकाळी दुरुस्त केलंय. मात्र ही दुरुस्ती माझं म्हणणं अधिकच पक्कं करते, हे आपल्या लक्षात आलं नसावं. ज्या लेन्सवर माझी निम्मी कामं चालतात तीच नव्या बॉडीवर पांगळी होणार असेल, तर अडीच लाखांत आणखी एका लेन्सचे पैसे मिळवायला हवेत.

आता शेवटचं वाक्य. "परवडत नसलं की माणसाला गरज नाही असं वाटायला लागतं."

हे वाक्य कॅमेऱ्याबद्दल नाही. ते माझ्याबद्दल आहे, आणि आपण मला ओळखत नाही. आपण नावही लिहिलेलं नाही, 'एक छायाचित्रप्रेमी' एवढंच. मी गेली कित्येक वर्षं इथे माझ्या नावाने लिहितो. गोव्यात, फोंड्यात माझं घर कुठे आहे ते निम्म्या वाचकांना माहीत आहे.

आमच्या घरी पहिला कॅमेरा आला तो आग्फा क्लिक ३. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. एका रोलवर १२ फोटो निघायचे आणि तो रोल चवथीला घातला की पुढच्या चवथीपर्यंत पुरवायचा. माटोळीचा (गणपतीवर टांगतात त्या फळापानांचा) एक, गणपतीचा एक, आम्हा भावंडांचा एक, मग वर्षभरात कुणाची मुंज, कुणाचं बारसं. बटण दाबण्याआधी वडील डोळ्यांनी मोजायचे, कोण कुठे उभा आहे, ऊन कुठून येतंय. तेव्हा आम्हाला परवडत नव्हतं, हे खरं आहे. पण वडिलांना फोटोंची 'गरज नाही' असं एक दिवसही वाटलं नाही. गरज होती म्हणूनच ते एकेक फोटो मोजत होते.

१९९४ साली मी फोंड्यातल्या एका स्टुडिओत मदतनीस म्हणून लागलो. लग्नाला ३६ फोटोंचे चार रोल मिळायचे आणि रात्री मालकाला प्रत्येक वाया गेलेल्या फ्रेमचा हिशोब द्यावा लागायचा. तिथेच १९९९ मध्ये निकॉनचा रोलवाला एफएम२ सेकंडहँड घेतला, पगारातून अकरा हप्त्यांत. ज्या दिवशी शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मी माशेलच्या देवळात जाऊन आलो होतो. कॅमेऱ्याची हौस कशाला म्हणतात आणि पैसे जमवणं कशाला म्हणतात, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि आपण काढलातच विषय, तर सांगतो. पैसे आहेत. मुलीची फी आणि घराच्या कौलांचं काम बाजूला काढूनही आहेत. मी ते यंदा तिकडे घालत नाही.

पण समजा नसते. तर? तर माझ्या मताची किंमत कमी झाली असती? सत्तरी तालुक्यात दोन मुलगे आहेत, एक बागायतीत काम करतो, दुसरा पंपावर. दोघांत मिळून एक जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स. घोडेमोडणी आणि रणमाले या तिकडच्या लोककलांचे त्यांनी काढलेले फोटो माझ्यापेक्षा चांगले आहेत, मी ते या ब्लॉगवर दोनदा दिलेही आहेत. ते दोघे इथलं सगळं वाचतात. आपलं वाक्य त्यांनीही वाचलं असणार. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा. ज्याला दहा हजारांची वस्तू घ्यायला वर्ष लागतं तो त्या वस्तूबद्दल जेवढा विचार करतो, तेवढा कुणीच करत नाही. अशा माणसाने सल्ला दिला तर मी तो आधी ऐकेन.

"हातात न घेता लिहिणं सोपं असतं" हेही आपण ठोकून दिलंत. भाच्याचा झेड६, निकॉनचाच मिररलेस, मी गेल्या हंगामात आठ दिवस वापरलाय. लेखात लिहिलं नाही, कारण लेख माझ्या निर्णयाबद्दल होता. आता लिहितो.

पेडण्यातल्या एका दशावतारी काल्याला, म्हणजे रात्रभराच्या नाटकाला, तो घेऊन गेलो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर ही मोठीच सोय आहे, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. डी७२०० चा आरसा खाली-वर होताना जो खटका वाजतो, त्याने पहिल्या रांगेतल्या बायका मागे वळून बघतात, आणि गाणं चालू असेल तर मलाच अपराध्यासारखं वाटतं. झेड६ वर काहीच ऐकू येत नव्हतं. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो उजेडात कसा येणार तेही आधीच दिसत होतं. अर्धा तास मी अगदी खूश होतो. मग स्क्रीनवर फोटो मोठे करून बघितले तर राजाच्या अंगरख्यावर आणि मागच्या पडद्यावर आडवे पट्टे. मंचावरचे दिवे एलईडीचे होते. हे दिवे डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर फोटो टिपणारा सेन्सर एका दमात न वाचता ओळीओळीने वाचतं. म्हणून काही ओळी उजळ, काही काळ्या. शेवटी नेहमीचं यांत्रिक शटर लावलं, आवाज परत आला. झेड९ सारख्या महागड्या बॉडींचा सेन्सर इतका वेगाने वाचला जातो की त्यांत यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही, ते मला ठाऊक आहे. पण आपण ज्या किमतीबद्दल बोलतोय त्या किमतीत तो सेन्सर येत नाही.

बॅटरीचं तर विचारू नका. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे डी७२०० एका चार्जवर १,११० फोटो देतो आणि झेड६ ३१०. माझ्या जुन्या बॅटऱ्या त्यात बसल्या म्हणून निभावलं. काला पहाटेपर्यंत चालतो, आणि मिररलेसमध्ये नुसतं डोळा लावून बघत बसलं तरी बॅटरी उतरते.

शिगम्यात आणखी एक. लेन्स बदलायला काढली की झेड६ चा सेन्सर सरळ उघडा पडतो, समोर आरसा नाही की शटरचा पडदा नाही. भोवती गुलाल उडत होता. मी त्या दिवशी लेन्स बदललीच नाही.

वजनाचं आपण एका शब्दात लिहून मोकळे झालात. मी मांडून दाखवतो. बॅटरी आणि कार्डासकट डी७२०० ७६५ ग्रॅम, झेड६ ६७५. वाचले ९०. माझी २००-५०० त्याच्यावर लावायची तर मध्ये एफटीझेड हवा, तो सुमारे १३५ ग्रॅमचा. म्हणजे वजन ४५ ग्रॅमने वाढलं. लेन्स स्वतः २,३०० ग्रॅमची आहे, ती कुठल्याही बॉडीवर तेवढीच राहणार. नवी झेड १८०-६०० घेतली तर ती ट्रायपॉड कॉलरसकट २,१४० ग्रॅम, मग एकूण पाव किलो वाचतं. त्या पाव किलोसाठी मी काय देतोय ते मात्र बघा. माझ्या बॉडीचा सेन्सर लहान, त्यामुळे ५०० ची चौकट ७५० सारखी मिळते, तीही २४ मेगापिक्सेलची. झेड६ च्या मोठ्या सेन्सरवर ६०० म्हणजे ६००च. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात होडी कांदळवनात ठरावीक अंतरापर्यंतच जाते. काळ्या डोक्याचा खंड्या त्याच्याही पलीकडे बसतो. तिथे मला पल्ला लागतो.

आपण म्हणाल, मग लहान सेन्सरचा झेड५०-२ घ्या, ५५० ग्रॅमचाच आहे. त्याचाही विचार केला. त्यात बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही. होडीत लांब लेन्सला तिचं स्वतःचं आहे, पण रात्री ८५ ला काहीच आधार नाही.

पक्ष्याच्या डोळ्याचं म्हणालात. झेड६ मध्ये पक्षी ओळखायची सोय नव्हती, नंतरच्या बॉडींत आली, हे मला माहीत आहे. चांगली असेल. करमळीच्या तळ्यावर अडई बदकं उडतात तेव्हा मी गेली आठ-नऊ वर्षं मधल्या फोकस पॉइंटने काम चालवतोय आणि मला पुरेसे फोटो मिळतात. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्यासारखं मला काही दिसत नाही.

सेकंडहँड किमतींबद्दल: मी कॅमेरे विकण्यासाठी घेत नाही.

ज्याबद्दल आपण एक अक्षरही लिहिलं नाहीत तो त्या लेखाचा गाभा होता. बुरशी. आपण कुठे राहता ते मला माहीत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आमच्याकडे जुलैत चादरी वाळत नाहीत, पुस्तकांच्या पाठी पांढऱ्या होतात. हवेतला ओलावा आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहतो आणि लेन्सला ४० ते ५० लागतो. माझ्या एफएम२ ची ५० ची लेन्स २००३ च्या पावसाळ्यात गेली. चामड्याच्या सुंदर केसमध्ये घालून कपाटात ठेवली होती. चामडं ओल धरून ठेवतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुरुस्तीला दिली, बुरशी गेली, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं. दिव्यासमोर धरली की सगळा फोटो धुरकट. अकरा हप्त्यांतली ती लेन्स अजून माझ्या टेबलावर आहे.

म्हणून मी लिहिलं की जूनच्या तोंडावर अडीच लाखांची नवी काच घेऊन ती प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर कोंडायची, आणि पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या का हे रोज बघत बसायचं, यात अर्थ नाही. आधी कपाट. त्याचा खर्च नव्या लेन्सच्या दहाव्या भागापेक्षाही कमी आहे आणि ते आहेत त्या लेन्स वाचवतं. मिररलेस आला तरी तो त्याच हवेत राहणार आहे. यावर आपलं मत काय, ते मला खरंच वाचायचं होतं. आपण त्याऐवजी माझा खिसा मोजलात.

निकॉनने १९५९ चं एफ माउंट सोडून २०१८ मध्ये झेड आणलं, ते परत मागे जाणार नाहीत, हे मला कळतं. मी कधीतरी तिकडे जाणारच आहे. कधी जायचं ते माझ्या लेन्स, माझी नाटकं आणि इथला पाऊस बघून मी ठरवीन.

कपाट मागच्या आठवड्यात आलं. आतला आकडा सध्या ४६ दाखवतोय, बाहेर ८९. दसऱ्याला तिन्ही लेन्स काढून टॉर्चच्या उजेडात आतून बघेन आणि त्यांचे फोटो इथे टाकेन. त्यावर आपल्याला काही लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त नाव लिहा. बिननावाच्या प्रतिक्रियेला मी यापुढे उत्तर देणार नाही.