टकळीच्या त्या चकतीबद्दल

नमस्कार. इतकं मन लावून लिहिल्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. एक, कॅनडातल्या लान्स ओ मेडोजला, हजारेक वर्षांपूर्वीच्या नॉर्स (म्हणजे स्कँडिनेव्हियाकडच्या व्हायकिंग) लोकांच्या वस्तीत सापडलेली, मी लेखात टकळीची म्हटलेली भोकाची दगडी चकती बटण किंवा मणीसुद्धा असेल. दोन, तुमच्या गावाकडे धनगर बाप्येही मेंढरांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातायचे. मग एका चकतीवरून 'तिथे बायका होत्या हे सिद्ध होतं' असं मी कसं लिहिलं?

बटणाचं मला पटत नाही. बटणाचं भोक दोरा जाण्यापुरतं असतं. टकळीच्या चकतीत काडी घट्ट बसायला हवी, म्हणून भोक रुंद लागतं आणि नेमकं मधोमध लागतं. वजन जरा एका अंगाला गेलं की टकळी डगमगते, पीळ सारखा बसत नाही. चकतीच्या वजनालाही अर्थ असतो: हलकीवर बारीक सूत निघतं, जडवर जाड. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात, कॉपरगेटच्या उत्खननात हाड, शिंग, शिसं, दगड अशा नाना वस्तूंच्या चकत्या निघाल्या. त्या काळच्या युरोपात चरखा नव्हता, तो तेराव्या शतकाच्या आसपास आला. अंगावरच्या कपड्यापासून जहाजाच्या लोकरी शिडापर्यंत सगळं सूत टकळीवरचंच. एवढ्या सुतामागे किती हात राबले असतील, या विचारानेच मी या चकत्यांकडे ओढलो गेलो.

लान्स ओ मेडोजची चकती शंखजिऱ्याच्या दगडाची आहे. पुरातत्त्वज्ञ आन स्टीन इंगस्टाड यांच्या देखरेखीखाली १९६१ ते १९६८ या काळात तिथे खोदकाम झालं. ही वस्ती नॉर्स लोकांचीच, हे ठरवताना या चकतीचा मोठा आधार मिळाला. तिथल्या लाकडावरच्या धातूच्या हत्यारांच्या खुणा इसवी सन १०२१ च्या असल्याचं आता नक्की झालं आहे.

दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. स्कँडिनेव्हियातल्या थडग्यांत कताईची साधनं बहुतांशी स्त्रियांबरोबर पुरलेली सापडतात, सरसकट नव्हे. लान्स ओ मेडोजला चकतीच्या जोडीला हाडाची सुई मिळाली आहे. आइसलंडच्या सागांत, म्हणजे तिथल्या जुन्या कथांत, गुडरिड नावाच्या स्त्रीचा मुलगा स्नोरी विनलंडमध्ये (नॉर्स लोकांनी उत्तर अमेरिकेतल्या भूभागाला दिलेलं नाव) जन्मल्याचं सांगितलं आहे. एवढं सगळं एकत्र ठेवलं तर बायका तिथे होत्या, असंच मला वाटतं. पण ती चकती कातणाऱ्याचा हात दाखवते, तो बाईचा की पुरुषाचा हे ती एकटी सांगू शकत नाही. लेखातलं 'सिद्ध होतं' काढून तिथे 'दाट शक्यता आहे' असं केलं आहे.

तुमच्याकडची टकळी कशाची असायची, तिला चकती लाकडाची की आणखी कशाची, हे जमल्यास जरूर लिहा.