‘गोळी टाळा, दुखणं सोसा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या भिशीच्या, महिला मंडळांच्या आणि अपार्टमेंटच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, वर ‘प्रत्येक भगिनीपर्यंत पोहोचवा’ असं लिहिलंय. विषय बुनियनच्या ऑपरेशनचा. बुनियन म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठीसारखं हाड पुढं येतं आणि अंगठा शेजारच्या बोटांवर कलायला लागतो, तो त्रास. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हे वाढलेलं हाड तासून काढतात आणि ते पुन्हा वाढतं. दुखणं बाळंतपणापेक्षा भयंकर असतं, बाई सहा महिने अंथरुणाला खिळते. पेनकिलरनं किडनी जाते, म्हणून दुखणं सोसा, सोसलं की जखम लवकर भरते. तिसऱ्या दिवसापासून घरकामाला लागा, नाहीतर पाय आखडेल. टाक्यांवर हळद-चुन्याचा लेप लावा, भात आणि आंबट बंद करा. अरुंद टोकाचे बूट वाईट. टाके निघाले की कोल्हापुरी घाला. आणि सूज, लाली आली तर घाबरू नका, खराब रक्त बाहेर पडतंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन होऊन घरी आलेल्यांकडं जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून उशाशी तशाच ठेवलेल्या गोळ्या मी बघितल्यात, आणि त्याच घरात रात्रभर तळमळलेली बाईसुद्धा. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘वाढलेलं हाड तासतात, ते पुन्हा वाढतं.’ बुनियनमध्ये सहसा नवं हाड उगवत नाही. अंगठ्याच्या मागं तळपायात जे लांब हाड असतं ते दुसऱ्या पायाच्या दिशेनं सरकतं, अंगठा उलट बाजूला वळतो, आणि मधला सांधा वाकवलेल्या कोपरासारखा बाहेर दिसतो. म्हणून नुसतं तासून भागत नाही. सर्जन ते हाड कापतात, सरकवून जागेवर आणतात आणि बहुतेक वेळा छोट्या स्क्रूनं पक्कं करतात. बाक फार मोठा असेल तर कधीकधी मागचा सांधाच कायमचा जोडून टाकतात. काहींचा अंगठा काही वर्षांनी पुन्हा वळतो, हे खरं आहे, आणि ऑपरेशनआधी डॉक्टरांना ते जरूर विचारावं. रुंद चपला-बूट घालून दुखणं आटोक्यात राहत असेल तर ऑपरेशनची घाई नको, आणि नुसता पाय चांगला दिसावा म्हणून तर ते करूच नये. पण ज्यांनी ते करून घेतलंय त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की घरी आलेला पाय हा हाड मुद्दाम कापून नव्यानं बसवलेला पाय आहे. ते हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात.

‘बाळंतपणापेक्षा जास्त दुखतं, सहा महिने अंथरूण.’ पहिले दोन-तीन दिवस दुखतं, चांगलंच दुखतं. ते झाकून मला कुणाला फसवायचं नाही. पण त्यानंतर दुखणं दिवसागणिक उतरत जातं, आणि सहा महिने अंथरुणावर पडायची वेळ येत नाही. या दुखण्याला एक ठरावीक चाल असते आणि ती आधी माहीत असली की निम्मी भीती जाते. ऑपरेशनच्या वेळी घोट्याजवळ भुलीचं इंजेक्शन देतात. त्यानं पाय काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत बधिर राहतो. राजारामपुरीतल्या एका काकूंनी त्या संध्याकाळी मला फोनवर सांगितलं, “काही दुखत नाही बघ. पाय हाय का नाही तेच कळंना. मग गोळी कशाला घेऊ?” जेवण करून गोळी न घेता झोपल्या. मध्यरात्रीनंतर भूल उतरली आणि मग घेतलेली गोळी लागू पडेपर्यंत त्यांनी उशीचा अभ्रा दातात धरून वेळ काढला. सकाळी मी गेले तेव्हा त्यांचे यजमान कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते, डोळ्याला डोळा लागला नव्हता. काकू म्हणत होत्या, “मेसेजमध्ये बरोबरच लिहिलंय.” मेसेज बरोबर नव्हता. भूल उतरायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला गोळी पोटात गेली असती तर ती रात्र बरीच सुसह्य झाली असती.

आता मेसेजमधला मला सगळ्यात जास्त खटकणारा मुद्दा: ‘पेनकिलर घेऊ नका, सोसलं की लवकर भरतं.’ सोसल्यानं जखम लवकर भरते याला काहीही आधार नाही. दुखत असेल तर माणूस झोपत नाही, नीट जेवत नाही, अंग आखडून पडून राहतो, घोटा-गुडघा हलवत नाही. यातली एकही गोष्ट बरं व्हायला मदत करत नाही. आणि ‘सोसा’ हे फक्त बायकांनाच का सांगायचं? आमच्याकडं “मी सोसतो की, माझं काय एवढं” म्हणणाऱ्या बाईचं कौतुक होतं. तिच्या सोशिकपणाबद्दल मला आदरच आहे, पण त्या कौतुकापायी तिला रात्र रात्र जागवायचं हे मला पटत नाही.

किडनीचा धोका मात्र खोटा नाही, तो अर्धवट सांगितलाय. ‘पेनकिलर’ म्हणजे एकच औषध नव्हे. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेतलं तर किडनीला सहसा जड जात नाही. त्याचा धोका यकृताला, आणि तोही मात्रा ओलांडली तर. धडधाकट मोठ्या माणसासाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर ती आणखी खाली येते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही सूज उतरवणारी औषधं वेगळी. किडनीचा जुना आजार, अल्सर, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ब्लडप्रेशरची काही औषधं यांच्याबरोबर ती अडचणीची ठरू शकतात, आणि महिनोन् महिने मनानं घेतली तर निरोगी माणसालाही. म्हणून ऑपरेशनआधीच आपल्या सगळ्या गोळ्या, डायबेटिसच्या धरून, डॉक्टरांपुढं ठेवायच्या. त्यांनी विचार करून थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी आणि दुकानातून ‘ती लाल स्ट्रिप द्या’ म्हणून आणलेली गोळी यांत फार अंतर आहे.

घराघरांत दिसणारी चूक वेगळीच आहे. आपल्याकडं एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत असलेली औषधं सर्रास मिळतात. डॉक्टर ती लिहून देतात, आणि घरातलं कुणीतरी ‘अंग तापल्यागत वाटतंय’ म्हणून वरून ६५० ची पॅरासिटामॉल देतं. एकच औषध दोन वाटांनी पोटात जातं. स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात नावं असतात. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचा. कागदावर वेळा लिहून फ्रिजवर लावा आणि घेतली की खूण करा. पहिल्या दोन-तीन दिवसांत ‘दुखलं की घेऊ’ असं करू नका, ठरलेल्या वेळेला घ्या. दुखणं चढल्यावर ते खाली आणायला जास्त वेळ लागतो. मग हळूहळू कमी करत जा. ट्रामाडॉलसारखी जोरकस गोळी दिली असेल तर तिनं गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं, तेव्हा ती घेऊन एकटीनं बाथरूमला जाऊ नका, आणि पाणी, फळं, पालेभाज्या वाढवा.

पोट साफ होण्याचा विषय निघालाच आहे तर संडासाचंही बोलू, कारण मेसेज लिहिणाऱ्याला ते सुचलेलंच नाही. जुन्या घरांत अजून भारतीय पद्धतीचं भांडं असतं. उकिडवं बसताना अंगठा मुळातून जोरात वर वाकतो, म्हणजे नेमका ऑपरेशन झालेला सांधा. कमोड नसेल तर मधे भोक असलेली कमोड-खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानंही. ती ऑपरेशनच्या आधी आणून ठेवा.

‘तिसऱ्या दिवसापासून घरकामाला लागा.’ हे वाचून मला खरंच राग आला. पहिले दोन आठवडे पायाची जागा उशांवर, टाच छातीच्या पातळीच्या वर. नुसतं स्टुलावर पाय ठेवून बसणं यापेक्षा कमी पडतं. उशा पोटरीच्या पूर्ण लांबीखाली ठेवायच्या आणि टाच मोकळी सोडायची, नाहीतर टाचेला चट्टा पडतो. तासातला बहुतेक वेळ पाय वर आणि थोडा वेळ उठणं, बाथरूमला जाऊन येणं, एवढंच गणित. पाय खाली सोडला की तो जांभळट होतो आणि ठणके मारायला लागतात, वर घेतला की उतरतात. ओट्यापाशी उभं राहून वीस भाकऱ्या थापायच्या म्हणजे तेवढा वेळ पाय खालीच, आणि मग रात्री ‘गोळीनं काही फरक पडत नाही’ ही तक्रार. गोळी आणि उशा ही जोडी आहे, एकीचं काम दुसरी करत नाही.

चालायचं किती हे ऑपरेशनच्या प्रकारावर ठरतं. हाड कापून स्क्रूनं पक्कं केलं असेल तर बहुतेकांना कडक तळव्याचा खास बूट देऊन टाचेवर भार देत थोडं चालू देतात, आणि तो बूट साधारण सहा आठवडे घालावा लागतो. मागचा सांधा जोडला असेल तर काही आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही असंही सांगतात. शेजारणीला चालायला सांगितलं म्हणून आपणही चालायचं, असं इथं नाही. पाय आखडण्याची भीती रास्त आहे, पण त्यावर इलाज घरकाम नव्हे. झोपल्या झोपल्या घोटा वरखाली करणं, गुडघा वाकवणं-सरळ करणं दर तासाला चालू ठेवायचं, त्यानं पोटरीत रक्त साकळायचा धोकाही कमी होतो. अंगठ्याचे व्यायाम कधी सुरू करायचे ते सर्जन ठरवतील. त्यांनी सांगितले की मात्र चुकवू नका, तेव्हा जराशा दुखण्याला भिऊन थांबलेल्यांचे अंगठे आखडलेले मी बघितलेत. स्कूटरचीही घाई नको. सिग्नलला पाय पटकन टेकवावा लागतो, आणि उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर कारचा ब्रेक जोरात दाबता यायला हवा. सहा ते आठ आठवडे धरून चला.

घरच्यांसाठी एक सांगते. गौरी-गणपतीला किंवा नवरात्राला ‘तोवर उभी राहील’ असा हिशेब करून तारीख घेऊ नका. अंबाबाईच्या नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत असेल तर त्या वर्षी देवीची क्षमा मागून ते पुढं ढकला.

‘हळद-चुन्याचा लेप, भात आणि आंबट बंद.’ ड्रेसिंगच्या आत काहीही घालायचं नाही. ते नुसतं जखम झाकत नाही, अंगठा सरळ धरून ठेवतं, म्हणून घरी सोडायचंही नाही. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात, तोवर एक थेंब पाणी लागू द्यायचं नाही. आंघोळीला पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून पाय बाहेर स्टुलावर ठेवायचा. आपल्या पावसाळ्यात तर जास्तच जपायला हवं. गरम शेकानं सुरुवातीला सूज वाढते. बर्फ चालतो, पण कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, आणि पाय बधिर असताना त्यावर नाही, कारण गारठा चटका देतोय हे कळतच नाही. भातानं पू होत नाही. आंबट म्हणून बंद केलेल्या लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व जखम भरायला लागतंच. डाळी, उसळी, अंडी, मटण, जे घरात चालतं त्यातून प्रथिनं मिळू द्या. पांढरा रस्सा आवडत असेल तर खुशाल घ्या, फक्त त्यानं हाड दुप्पट वेगानं जुळेल असं समजू नका. बंद करायचीच असेल तर मिश्री बंद करा. तंबाखू ओढा, चघळा की दाताला लावा, निकोटिन रक्तात जातंच आणि हाड जुळणं लांबवतं. हे मेसेजमध्ये कुठंच नाही.

‘टाके निघाले की कोल्हापुरी घाला.’ अरुंद टोकाच्या बुटांवर मेसेजनं घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. १९५८ साली हाँगकाँगमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा वळलेला होता आणि अनवाणी राहणाऱ्यांपैकी फक्त १.९ टक्के. पण पायाची ठेवण घराण्यातूनही येते, म्हणून आयुष्यभर सपाट चप्पल घातलेल्या आजींनाही बुनियन असतं. आपल्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ते मानांकन कारागिरीला आहे. नवी कोल्हापुरी चावते हे चप्पल लाइनमधला दुकानदारही सांगेल. तिचा अंगठा आणि पट्टा ताज्या व्रणाच्या आसपासच घासतात, आणि टाचेला धरायला काही नसल्यानं बोटांनी पकडून चालावं लागतं. दोन आठवड्यांत टाके निघतात, हाड नाही जुळत. आधी कडक तळव्याचा बूट, एक्स-रे बघून डॉक्टर हो म्हणाले की मागून बंद असलेले रुंद, मऊ बूट. सूज तीन ते सहा महिने, कधी वर्षभरही रेंगाळते, तेव्हा थोडा मोठा नंबर घ्या. कोल्हापुरी त्यानंतर, आधी थोडा वेळ घरातल्या घरात घालून बघा.

‘सूज आणि लाली म्हणजे खराब रक्त बाहेर पडतंय.’ हे वाक्य एखाद्याचा पाय घालवू शकतं. पाय खाली सोडल्यावर येणारा जांभळटपणा उशीवर घेतल्यावर जातो, तो ठीक. अंगठ्याच्या कडेला बधिरपणा किंवा मुंग्याही काही काळ राहू शकतात. पण वर ठेवूनही बोटं पांढरी, निळी किंवा गार पडली, ड्रेसिंग आवळत चाललंय असं वाटलं, गोळी घेऊन आणि पाय वर ठेवूनही दुखणं वाढतच गेलं, ताप आला, लाली पसरायला लागली, पू किंवा घाण वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, सकाळची वाट बघू नका. डायबेटिस असेल तर दुखत नसलं तरी ही लक्षणं रोज बघा. पोटरी एकाच बाजूला सुजली, दाबल्यावर दुखली तर लगेच दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. आणि डॉक्टरांचा नंबर घरातल्या निदान दोघांच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा, म्हणजे मध्यरात्री पाय उशीवर असलेल्या बाईला तो शोधत बसावं लागणार नाही.