राणीसाहेबांनी साडी विकली तर बिघडलं कुठे?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एका राजघराण्यातल्या बाईंचा फोटो टाकला. स्वतःच्या बुटीकमध्ये उभ्या राहून त्या गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवताहेत. खाली एका काकांनी लिहिलं, 'काय दिवस आले! एवढ्या मोठ्या घराण्यानं आता कापडं विकायची!' त्यावर धडाधड अंगठे.

काय दिवस आले म्हणजे? 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. आपल्यासारख्यांच्या इनामी जमिनी तर त्याच्याही आधी गेल्या. मग घर चालवायचं कशावर, भिंतीवरच्या ढाल-तलवारींवर?

माझ्या थोरल्या काकूनं कोल्हापुरात वाड्याच्या सोप्यात इरकल आणि नारायणपेठी विकायला ठेवल्या, तेव्हा हेच ऐकलं होतं. दीर म्हणाले, 'इनामदारांच्या सुनेनं मीटरपट्टी हातात धरायची?' स्वतः एक पै कमवत नव्हते. काकू साडी दाखवताना आधी काठ उलटा करायची, मागचे धागे बोटानं दाखवायची आणि मगच पुढची बाजू. खोट असली तर आधीच सांगून टाकायची.

बडोद्याच्या सयाजीरावांची लेक, कूचबिहारच्या महाराणी इंदिराराजे. त्यांच्या फ्रान्सहून येणाऱ्या शिफॉनच्या साड्या, इटलीत फेरागामोकडून करून घेतलेले रत्नजडित जोडे, यांचं कौतुक आपण अजून करतो. करावंच, त्या बाईंची नजरच तशी होती. पण विकत घेणारी राणी शोभते आणि विकणारी डोळ्यांत खुपते, ही कुठली रीत?

महेश्वरला बघा. अहिल्याबाईंनी तिथे विणकर आणून वसवले. पुढे माग बंद पडत चालले, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या शेवटी होळकरांच्याच घरातल्या रिचर्ड आणि सॅली या जोडप्यानं 'रेहवा' संस्था काढली. गावातल्या बायका मागावर बसल्या. दोन्ही बाजूंनी नेसता येणारी ती महेश्वरी आज तुमच्या कपाटात आहे, कारण कुणीतरी ती विकायची लाज बाळगली नाही.

हो, मान्य, बुटीकमधल्या किमती बघून छाती दडपते. त्यात आडनावाचाही भाव लावलेला असतो. विणकराच्या हातात किती पडतं, हे विचारायलाच हवं. विचारा ना! ग्रुपवर एकानंही विचारलं नाही. सगळ्यांना घराण्याच्या अब्रूची काळजी.

आता लिहिता लिहिता राग जरा निवळलाय. काकांचं वय झालंय, गेलेल्या दिवसांचं त्यांना खरंच दुखतं, हे कळतं मला. पण काकूलाही दुखत असणारच की. तिनं बारा महिने गिऱ्हाईक सांभाळलं, दोन मुलांची शिक्षणं केली आणि घरात कुणाला उलटून बोलली नाही. त्याच दिरांच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता तिच्या दुकानातून गेला, उधारीवर. ते पैसे तिनं कधी मागितले नाहीत, आणि त्यांनी कधी दिले नाहीत.