एपी स्टॅट: गणित सुटतं, मार्क जातात

मे जवळ आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "एपी स्टॅटसाठी कुठलं पुस्तक आणू?" (एपी स्टॅट म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांसाठी कॉलेज बोर्ड या संस्थेचा कॉलेजच्या पातळीचा संख्याशास्त्राचा विषय, त्याची परीक्षा मे महिन्यात असते.) त्याखाली कोणीतरी हमखास लिहितं, "अहो, स्टॅट काय, कॅल्क्युलस झेपत नाही ती मुलं घेतात." हे वाचलं की माझं डोकं फिरतं. मी पुण्याला स्टॅटिस्टिक्समध्येच एम.एस्सी. केलंय, ओळखीपाळखीच्या मुलांना डायनिंग टेबलाशी बसवून शिकवतेही. त्यामुळे यावर भांडायचा हक्क मी घेणारच.

मे २०२६ पर्यंतची परीक्षा बघा. ९० मिनिटांत ४० बहुपर्यायी प्रश्न, पुढच्या ९० मिनिटांत ६ लेखी. गुण निम्मे-निम्मे. सूत्रांचा कागद तिथेच मिळतो, कॅल्क्युलेटर चालतो. आपण दहावी-बारावीला जे रात्र जागून पाठ केलं, ते इथे आयतं हातात देतात. मग तपासतात काय? आकडा आल्यावर त्याबद्दल धड चार ओळी लिहिता येतात का, ते. आणि आपल्या पोरांचा घोडा नेमका इथेच पेंड खातो.

एक उदाहरण देते. शाळेतल्या १२० मुलांचं रँडम सँपल (चिठ्ठ्या टाकून निवडावा तसा नमुना) घेतलं, त्यातल्या ७८ जणांना कँटीनचं जेवण आवडत नाही. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे सँपलवरून सगळ्या शाळेतल्या खऱ्या प्रमाणाचा बांधलेला अंदाजाचा पट्टा, येतो साधारण ०.५६५ ते ०.७३५. कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम. मग अर्थ लिहा म्हटलं की हुशार मुलगा लिहितो, "खरं प्रमाण या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के." गेला मार्क! खरं प्रमाण जे आहे ते आहे, ते हलत नाही. दर वेळी नवीन सँपल घेतलं की बदलतो तो इंटरव्हल. अशी असंख्य सँपलं घेतली, तर त्यातून निघालेल्या सुमारे ९५ टक्के इंटरव्हलांत खरं प्रमाण सापडेल, एवढाच त्या ९५ चा अर्थ. म्हणून उत्तरात लिहायचं, "या शाळेतल्या सर्व मुलांपैकी कँटीनचं जेवण न आवडणाऱ्यांचं खरं प्रमाण ०.५६५ ते ०.७३५ या इंटरव्हलमध्ये आहे, असं आम्ही ९५ टक्के कॉन्फिडन्सने म्हणतो." यातली 'शाळा', 'सर्व मुलं', 'कँटीन' गाळली तरी मार्क कापतात. कोरडा आकडा तिथे कोणी विचारत नाही.

तीच गत पी-व्हॅल्यूची. नल हायपोथेसिस, म्हणजे 'काही फरक नाही' असं आधी धरलेलं गृहीतक, खरं असेल तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. ती मोठी आली की मुलं बिनधास्त "नल हायपोथेसिस सिद्ध झाला" लिहून मोकळी होतात. अरे, तो नाकारायला पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढंच कळलंय तुला! प्रयोगाच्या प्रश्नातही असंच. लोक रँडम पद्धतीने निवडले असतील तर निष्कर्ष सगळ्या लोकसंख्येला लावता येतो. उपचार रँडम पद्धतीने वाटले असतील तर कार्यकारणभाव सांगता येतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगली चांगली मुलं त्यांची खिचडी करतात.

म्हणून पुस्तकाबद्दल माझं मत: लायब्ररीतलं कुठलंही आणा. कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, गुणदानाची पद्धत आणि मुलांनी खरोखर लिहिलेली उत्तरं फुकट पडलेली आहेत. आमच्याकडे मूल आधी स्वतः उत्तर लिहितं, मग ती गुणदानाची पद्धत समोर ठेवून स्वतःच तपासतं. प्रत्येक भागाला 'पूर्ण बरोबर', 'अर्धवट' किंवा 'चूक' असा शेरा मिळतो. स्वतःच्या वहीवर स्वतःच 'अर्धवट' लिहायची वेळ आली की चेहरे बघण्यासारखे होतात. पण दोन-चार आठवड्यांत वाक्यं सुधारतात. महागड्या क्लासात शंभर गणितं सोडवून हे होत नाही, कारण तिथे शेवटचा आकडा जुळला की पुढचं गणित. (क्लासवाल्यांनी रागावू नये. रागावलात तरी चालेल.)

आणखी एक. कॅल्क्युलेटरमध्ये दाबलेली बटणं उत्तरात उतरवून भागत नाही. कुठली टेस्ट, तिच्या अटी इथे का पूर्ण होतात, मीन (सरासरी) किती, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) किती, हे नीट लिहावं लागतं. अटींपुढे नुसती बरोबरची खूण करून ठेवणाऱ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावं. सँपल मोठं आहे म्हणता, तर वरच्या उदाहरणात ७८ आणि ४२ दोन्ही १० पेक्षा जास्त आहेत, हे आकड्यानिशी दाखवा.

मे २०२६ पर्यंतच्या या सहा लेखी प्रश्नांच्या परीक्षेत सहावा प्रश्न सगळ्यात जड असायचा. लेखी भागाच्या गुणांपैकी चौथाई एकट्या त्याचे, आणि त्यात वर्गात न शिकवलेलं काहीतरी मुद्दाम घातलेलं असायचं. त्याला २५ मिनिटं ठेवा असं सांगितलेलं असूनही मुलं पहिल्या पाचांतच रमायची आणि तिथे पोचायची तेव्हा हातात दहा मिनिटं. मी पहिला प्रश्न झाला की सरळ सहाव्यावर जायला सांगायचे. निदान त्याचे सुरुवातीचे भाग सोपे असायचे, ते तरी पदरात पडायचे. मग दुसरा ते पाचवा, कुठल्याही क्रमाने.