सिंपल सिरप म्हणजे एकतारी पाक नव्हे

आमच्या सोलापुरातल्या मित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'कॉकटेलचं माप कधी बदलायचं नाही, आणि सिंपल सिरप म्हणजे आपला एकतारी पाकच.' दोन्ही चूक.

सिंपल सिरप म्हणजे समान वजनाची साखर आणि पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम केलेलं. तार बघायची ती रव्याच्या लाडवाला. एकतारी पाकात तेवढ्याच मापाला साखर साधारण दीडपट असते. म्हणून 60 मिली रम, 30 मिली लिंबाचा रस आणि 20 मिली सिरपच्या डायकिरी कॉकटेलमध्ये सिरपऐवजी पाक घातला की गुळचट काढा होतो, आणि शिव्या बिचाऱ्या रमला!

मापाचं म्हणाल तर ते बदलायचंच. कागदी लिंबं सगळी सारखी आंबट नसतात, आधी रस चाखा. आंबट लागलं तर सिरप 5 मिलीनं वाढवा. कडक लागलं तर साखर नको, शेकर (बर्फ घालून कॉकटेल हलवायचं झाकणाचं भांडं) आणखी थोडा हलवा. हलवताना बर्फाचं सुटलेलं पाणीच कडकपणा कमी करतं. फक्त आपल्या मे महिन्यात पाणी सुटलेला बर्फ वापरू नका, फ्रीझरमधून थेट शेकरमध्ये टाका. नाहीतर चव पाणचट, आणि पुन्हा दोष रमलाच.