आयत्या वेळचा विषय : तळं

तळ्याकाठी घर घेतलं की पाण्याबरोबर मालकांचा संघही पदरात पडतो. संघाचा उद्देश तळं स्वच्छ राखणं. प्रत्यक्षात सभा संपते ती कोणाची जेटी किती लांब, कोणाच्या मोटरबोटीने कोणाची दुपारची झोप मोडली आणि कोणाची वर्गणी थकली यातच. तळ्याचा नंबर लागतो ‘आयत्या वेळच्या विषयां’त. तोवर निम्मे सभासद उठून गेलेले असतात.

माझ्याकडे खातं आहे पारदर्शकतेचं. हिशेबाच्या नव्हे, पाण्याच्या. (हिशेबाच्या पारदर्शकतेसाठी अजून कोणी पुढे आलेलं नाही.) चार भागांत आलटून पालटून काळी-पांढरी रंगवलेली, २० सेंटिमीटरची एक तबकडी असते. ती दोरीला बांधून होडीच्या सावलीच्या बाजूने पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, वर ओढताना पुन्हा दिसली की परत बघायची, आणि दोन्हींची सरासरी वहीत मांडायची. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने पोपच्या जहाजावरून अशाच पद्धतीने तबकड्या समुद्रात सोडल्या होत्या. त्याच्यासोबत संघाचे सभासद नव्हते, हे त्याचं नशीब. माझ्या होडीत एक तरी असतोच. तबकडी केव्हाच गडप झालेली असते आणि हा म्हणतो, “मला दिसतेय हो अजून, सोडा आणखी!” पाणी गढूळ निघालं तर घराचा भाव पडतो, त्यामुळे विकायला काढलेल्या घराच्या मालकाची नजर विशेष तीक्ष्ण असते.

तळं हिरवं का होतं, हे मी एकदा सभेत समजावून सांगितलं. गोड्या पाण्यातलं शेवाळ बहुतेकदा फॉस्फरसपायी अडलेलं असतं; तो मिळाला की माजतं. १९७३ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. विमानातून काढलेला फोटोही दाखवला. सभा थक्क झाली. मग मागून प्रश्न आला, “असा पडदा आपल्याला केवढ्याला पडेल? म्हणजे समोरच्या काठाचं शेवाळ तिकडेच राहील.”

आमच्या काठाचा फॉस्फरस कुठून येतो, यावर कोणी प्रश्न विचारला नाही. लॉनला टाकलेलं खत पहिल्या पावसात पाण्यात उतरतं, तेव्हा काठाला उंच गवत-झुडपांचा पट्टा राखा म्हटलं, तर “मग तळं दिसणार कसं?” शिवाय तळाचा प्राणवायू संपला की गाळात बसलेला जुना फॉस्फरस परत वर सुटतो. थोडक्यात, आधीच्या मालकांची थकबाकीही आमच्याच माथी.

उरला सेप्टिक टँक. तो तळ्यात झिरपतो का, हे पाहायची युक्ती जुनीच आहे : संडासात रंग ओतायचा आणि काठावर जाऊन उभं राहायचं. ठराव एकमताने मंजूर झाला. सुरुवात समोरच्या काठापासून व्हावी, यावरही आमच्यात एकमत झालं. समोरच्या काठाचंही तसंच एकमत झालं, फक्त उलट. अखेर अध्यक्षांनी मोठेपणा घेतला, “माझ्यापासून करा. माझा टँक नवाच आहे.”

काही दिवसांनी त्यांच्या जेटीच्या खांबांभोवती झगझगीत पोपटी रंगाचं वेटोळं दिसलं. अध्यक्ष कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

“शेवाळ असेल,” ते म्हणाले.

“साहेब, शेवाळ इतकं चमकत नाही.”

त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं. “वारा समोरून आहे, बघितलंत?”

इतिवृत्तात नोंद अशी झाली : ‘पोपटी रंग आढळला. वारा समोरून होता. चौकशीसाठी उपसमिती नेमण्यात आली.’ उपसमितीत अध्यक्ष आहेत, मी आहे, आणि समोरच्या काठाचे एक गृहस्थ आहेत. ते सोडून कोणीही बैठकीला कॅमेरा घेऊन येत नाही.