'पैसे घेताना दर्जा, तक्रार केली की आवड': दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार दिलेत. १,९०,००० रुपयांचे फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर, घरी लावल्यापासून डग्गा नुसता घुमतोय, भावाकडच्या ६२,००० च्या छोट्या जोडीवर किशोरीताईंचा आवाज जास्त खरा वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. दुकानात फोन केलात तर 'मॅडम, आवड आपापली' असं ऐकवून फोन ठेवला गेला. त्यावरचं तुमचं वाक्य, 'पैसे घेताना दर्जा, तक्रार केली की आवड', मला फार लागलं, कारण ते खरं आहे. दुकानाचा मालक म्हणून मी तुमची मनापासून माफी मागतो.

आधी तुमच्या कानांबद्दल. तुम्ही ऐकताय ते बरोबर ऐकताय. रिव्ह्यूसोबतचा फोटो मी मोठा करून बघितला. डावा स्पीकर टीव्ही युनिट आणि शोकेसच्या बेचक्यात, भिंतीपासून जेमतेम चार बोटांवर आहे, आणि त्याचा पोर्ट, म्हणजे बेसची हवा बाहेर पडायचं भोक, मागच्या बाजूला आहे. तुमची खोली दहा बाय अकरा. एवढ्या अंतराच्या भिंतींमध्ये ५२ आणि ५७ हर्ट्झच्या आसपासचे खालचे, बेसचे स्वर अडकून राहतात, आणि खोली जवळजवळ चौरस असल्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटून येतात. कोपरा त्यात आणखी भर घालतो. खाली टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. आमच्या डेमो रूममध्ये गालिचा आहे, जाड पडदे आहेत, आणि स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे आहेत. तिथे ऐकलेला आवाज तुमच्या हॉलमध्ये येणारच नव्हता. खोली केवढी, स्पीकर कुठे ठेवणार, हे विकण्याआधी विचारायचं काम आमचं होतं. ते कुणीच विचारलं नाही.

आता किमतीचं. त्या जोडीतला वरचा पैसा मोठ्या कॅबिनेटमध्ये, जास्तीच्या वूफरमध्ये, व्हिनिअरमध्ये आणि मोठ्या हॉलमध्ये न थकता मोठ्याने वाजण्याच्या ताकदीत गेलाय. शिवाय वजनदार माल परदेशातून येतो, त्याचं भाडं आणि ड्युटी वेगळी. तुमच्या खोलीला यातलं फारसं काही लागत नाही, उलट तो जास्तीचा बेसच तुम्हाला त्रास देतोय. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या प्रक्षेपण व्हॅनसाठी एलएस३/५ए हा छोटासा स्पीकर बनवला, कारण व्हॅनमध्ये मोठा मावत नव्हता. माणसाचा आवाज किती खरा येतो, यासाठी तो आजही नावाजला जातो. मुंबईतल्या खोल्या बघितल्या की मला त्या व्हॅनचीच आठवण येते.

डेमोतली आमची चूक इथे उघड सांगतो, म्हणजे पुढचा ग्राहक सावध राहील. तुम्ही ऐकलेल्या दोन जोड्यांच्या सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर किती मोठ्याने वाजतात त्यात, ३ डेसिबलचा फरक आहे, एक ८६ आणि दुसरी ८९. जोडी बदलताना आमच्या माणसाने अँपच्या नॉबला हात लावला नाही, त्यामुळे महागडी जोडी आपोआप मोठ्याने वाजली. आणि थोडासा मोठा आवाज कानाला हटकून जास्त चांगला वाटतो. तुम्ही वडिलांनी जपलेली सीडी मुद्दाम सोबत आणली होतीत. ती आम्ही सगळ्यात शेवटी, पाचच मिनिटं लावली. खरं तर सुरुवातच तिच्यापासून व्हायला हवी होती.

'आवड आपापली' हेही पूर्ण खरं नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या स्पीकरवर काम करणाऱ्या संशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तर दिलेले गुण बदलले. स्पीकर दिसत होता तेव्हा डोळ्यांनी कानांवर मात केली. टूल यांच्या कामातून हेही दिसलं की न बघता ऐकताना बहुतेकांची पसंती बरीचशी जुळते: ज्याचा आवाज सम आहे, कुठे फुगत किंवा दबत नाही, तो आवडतो. घुमणारा बेस हा दोषच, त्याला आवड म्हणून चालणार नाही. आवडीचा प्रश्न त्यानंतर येतो. तानपुऱ्याची जवारी कुणाला समोर लखलखीत हवी असते, कुणाला गाण्यामागे मंद. ते मात्र तुमचं तुम्हीच ठरवायचं, त्यात दुकानदाराने बोलू नये.

या रविवारी सकाळी मी स्वतः येतो, छोटी जोडी, स्टँड आणि आवाज मोजायचं मीटर घेऊन. दोन्ही जोड्या एकाच पातळीवर आणून, वर पातळ कापड टाकून वाजवू. छोटी आवडली तर दोन आठवडे ठेवून बघा आणि मग ठरवा. मोठी जोडी पूर्ण किमतीत परत घेतो, वरचे पैसे तुमच्या खात्यात जमा करतो, टेम्पोचं भाडं आमचं. खोकी टाकून दिली असली तरी हरकत नाही. तोपर्यंत डावा स्पीकर जमेल तेवढा पुढे ओढा आणि मागच्या पोर्टमध्ये सोबत आलेला फोमचा बोळा घालून बघा, घुमणं थोडं तरी कमी होईल. आणि वडिलांची ती सीडी काढून ठेवा, रविवारी पहिली तीच लावू.